मालतीताईंचे घरबसल्याचे फोटो

मालतीताई कुणाचाही फोटो विचारल्याशिवाय काढत नसत. अंबरपेठच्या बाजारात कोथिंबीर विकणारीसमोर आधी उकिडव्या बसत, भाव विचारत, मग म्हणत, "एक फोटो लेऊं क्या, अम्मा?" तिने नको म्हटलं, तर कोथिंबीर घेऊन उठत. "न विचारता काढलेला फोटो म्हणजे चोरीचा माल," असं त्यांचं म्हणणं.

तिथून जवळच, तारनाक्याला, आम्ही एकाच मजल्यावर राहायचो. ताई शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या, यजमान अण्णा रेल्वेतले. अण्णांना पक्षाघात झाला आणि ताईंचं बाहेर पडणं संपलं. कूस बदलायची, भरवायचं, औषधं द्यायची. कॅमेरा कपाटात गेला. विचारलं तर म्हणत, "परेशान नाही रे, नुसती दमलेय."

एआयने चित्र करणारं अ‍ॅप त्यांच्या फोनवर मीच घालून दिलं. अण्णांचा डोळा लागला की त्या स्वतः काढलेला एखादा जुना फोटो घेऊन त्यात धुकं, ओला रस्ता, कोवळं ऊन मागवत. "झाला बाजार, घरबसल्या." मराठी मंडळाने ती चित्रं प्रदर्शनात लावायचं ठरवलं, तेव्हा प्रत्येकाखाली 'यंत्राच्या मदतीने' असं लिहा, असा त्यांनी हट्ट धरला.

"कोणाला कळतंय, ताई?" मंडळाचे सचिव म्हणाले.

"मला कळतंय ना."

तसं लिहायला मंडळ तयार झालं नाही आणि चित्रं लागली नाहीत. वाद घालायचं त्राणही त्यांच्यात उरलं नव्हतं.

मग अण्णा गेले. भिंतीवर लावायला फोटोच सापडेना. अण्णा फोटोला कायम नको म्हणत आणि ताईंनी ते पाळलं होतं. दिरांनी अण्णांच्या ओळखपत्रावरचा चेहरा अ‍ॅपमध्ये घालून चित्र करवलं. भरल्या गालांचे, उपरणं घेतलेले, हसरे अण्णा. सगळ्यांना आवडले. ताई बराच वेळ बघत राहिल्या.

"माणूस चांगला दिसतोय. पण मी ह्याला ओळखत नाही."

त्यांनी कपाटातून बाजाराचा एक जुना फोटो काढला. त्यात कोपऱ्यात अण्णा होते, पाठमोरे, हातात कॅमेऱ्याची पिशवी.

"वहिनी, तोंड तर दिसतच नाही," दीर म्हणाले.

"चुकून आलेत ते. एवढं माफ करतील," म्हणत ताईंनी तोच लावला.

दिवसकार्य आटोपल्यावर मी म्हटलं, "ताई, रविवारी बाजारात जाऊ या, कॅमेरा घेऊन."

त्या खुर्चीत मागे टेकल्या. "जाऊ की. पण आधी मला झोपू दे. आता हाक मारणारं कुणी नाही, तरी तासातासाला जाग येते."