समजूतबाई

वस्तीत तिला सगळे समजूतबाई म्हणायचे. आधी ती बालवाडीत शिकवायची. रडणारं पोर तिच्या मांडीवर आलं की बघता बघता शांत व्हायचं. मोठी माणसंही तिचं ऐकायची. शेजाऱ्यांत वाजलं, सासू-सुनेचा अबोला लांबला, की कुणीतरी तिच्या दारात हजर.

सिमेंटच्या कारखान्यानं तिला नोकरी दिली ती याच गुणामुळे. वस्ती कारखान्याच्या भिंतीला खेटून होती. ताटं, उशा, पापण्या, सगळं धुळीनं करडं व्हायचं. लोक फाटकावर जमू लागले, तसा कारखान्यानं सामाजिक बांधिलकीचा विभाग उघडला आणि तिला तिथं खुर्ची दिली. काम सोपं होतं. लोकांचं साहेबांना सांगायचं आणि साहेबांचं लोकांच्या गळी उतरवायचं.

ती ते मनापासून करायची. तिच्यामुळे पाण्याची टाकी आली, शाळेवर छप्पर चढलं, म्हाताऱ्यांना चष्मे मिळाले.

"चष्मे दिले ते बरं केलं," तिची धाकटी जाऊ म्हणाली, "आता धूळ कशी स्वच्छ दिसते."

सगळे हसले. तीही हसली.

धाकटी लोकांचे कपडे धुवायची. दोरीवर वाळलेले कपडे काढून पुन्हा धुवायची पाळी तिच्यावर रोजची. जिभेला धार होती, पण थोरलीवर भारी जीव. धाकटीला खोकला लागला आणि हटेना, तेव्हा तिनं बायकांना गोळा केलं. धूळ अडवायचं यंत्र बसेपर्यंत फाटकातून एकही गाडी बाहेर जाऊ द्यायची नाही, असं ठरलं.

साहेबांनी समजूतबाईला बोलावलं. "बाई, यंत्राचं वर कळवलंय. येईलच. तोवर दवाखाना देतो. तुमच्या जाऊबाईंशी जरा बोला. तुमचा शब्द त्या मोडणार नाहीत."

ती बोलली. धाकटी मोरीत भांडी घासत होती.

"ताई, मला औषध नकोय. धूळ नकोय."

"अगं, यंत्र येणारच आहे. पण आज पदरात पडतंय ते घे की. थोडा दम धर."

धाकटी तेच पातेलं बराच वेळ घासत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही म्हणताय म्हणून. दुसऱ्या कुणाचं ऐकलं नसतं."

दवाखाना झाला. फीत धाकटीच्याच हातून कापली, फोटो निघाले. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं औषध लिहून दिलं आणि धुळीपासून लांब राहायला सांगितलं.

"मग राहू कुठं?" धाकटीनं हसत विचारलं. डॉक्टरनं गोळ्यांची पुडी तिच्या हातात ठेवली.

यंत्र काही येईना. समजूतबाई विचारायची, साहेब म्हणायचे, "वर कळवलंय." तेच ती वस्तीत येऊन सांगायची, गोड शब्दांत. त्या हिवाळ्यात धाकटीनं अंथरूण धरलं. एक वाक्य बोलायला तिला तीनदा थांबावं लागे.

"यंत्राचं... काय... झालं?"

"येतंय गं," समजूतबाईच्या तोंडून आपसूक निघालं.

धाकटीनं मान डोलावली. एखाद्या लहान मुलाचं मन राखावं, तशी. त्याच आठवड्यात ती गेली.

थोड्या दिवसांनी साहेब म्हणाले, दवाखान्याला जाऊबाईंचं नाव देऊ, वस्तीलाही बरं वाटेल. ती दिराकडे गेली. तो धाकटीनं अंथरूण धरण्याआधी धुतलेले, घरात राहून गेलेले लोकांचे कपडे घड्या घालून ज्याचे त्याला पोचवायच्या तयारीत होता.

"वहिनी, हे तुमचं म्हणणं, की त्यांचं?"

तिनं एक कपडा उचलून त्याची घडी घातली.

"नाव नको," तो म्हणाला. "नाव घेतलं की देणं फिटलं असं होईल."

पुढं मुख्य कार्यालयातून बडी मंडळी पाहणीला आली. समजूतबाईला चार शब्द बोलायला सांगितलं. ती उभी राहिली.

"टाकी, छप्पर, चष्मे, दवाखाना, सगळं मिळालं. पण लोकांनी यातलं काहीच मागितलं नव्हतं. धूळ थांबवा, एवढंच म्हणत होते. त्यांना गप्प बसवायचं काम माझ्याकडं होतं आणि मी ते चोख केलं. माझी जाऊ माझ्या शब्दावर थांबली. आज ती नाही."

एकानं आभार मानले आणि चहा आला. महिनाअखेर तिला कामावरून कमी केलं.

यंत्र आलं, पण बऱ्याच काळानं. धूळ कमी झाली. भिंतीवर मोठा फलक लागला, 'आम्ही तुमचं ऐकलं.'

लोक तिच्याशी वाईट वागले नाहीत. वाटेत भेटले की विचारपूस करायचे. आपल्या मनातलं मात्र तिला कुणी सांगेना. एकदा न राहवून तिनं दिराला विचारलं, "भाऊजी, राग आहे का माझ्यावर?"

"राग नाही, वहिनी," तो म्हणाला. "पण आता तुम्ही काही सांगितलं, की ते खरं वाटत नाही."

तिनं मान हलवली आणि घरी आली. स्वयंपाक केला, ताट वाढून घेतलं. मग ते तसंच झाकून ठेवलं.