ओळखीची खूण

"काका, ही मी नाय."

पोरीनं पासपोर्ट फोटोंचं पाकीट काउंटरवर परत ठेवलं. मला वाटलं, पाकिटांची अदलाबदल झाली. उघडून पाहिलं, तर फोटो तिचाच. अकरावीच्या फॉर्मसाठी वडिलांबरोबर जासईहून आलेली. तासाभरापूर्वी मीच काढला होता.

पनवेलमध्ये माझा फोटो स्टुडिओ आहे. आमच्या धंद्यात 'टचिंग' म्हणून एक प्रकार असतो. कॉम्प्युटरवर पिंपल घालवायचे, डोळ्यांखालचं काळं जरा उजळायचं. माझा हात त्यात इतका बसलाय, की गिऱ्हाइकाला विचारायचं सुचतच नाही. या पोरीच्या उजव्या गालावर जन्मापासूनचा तपकिरी डाग होता, चांगला रुपयाएवढा. त्यावर तिनं केस ओढून घेतलेले. मी म्हटलं, "केस मागे घे बाळा, कान दिसले पाहिजेत." तिनं बराच वेळ लावला, पण घेतले. मला तिची दया आली. प्रिंट काढण्याआधी डाग पार पुसून टाकला आणि स्वतःवरच खूश झालो.

"बरा केलाव की भाऊ," तिचे वडील म्हणाले. "चांगलीच दिसते ना."

पोरीनं फॉर्म तेवढा माझ्यापुढे सरकवला. 'ओळखीची खूण' या रकान्यात बॉलपेननं लिहिलं होतं, उजव्या गालावर डाग.

"दरवेळी मी हातावरचा तीळ लिवायची," ती म्हणाली. "आज पयल्यांदा खरं लिवलं. आन् तुमी तोच पुसलात."

इतकी शरम मला धंद्यात कधी वाटली नव्हती. "चुकलं माझं," म्हटलं आणि मूळ फोटो उघडला. फक्त मागचा पडदा पांढरा केला. आठ नवे प्रिंट काढले.

वडिलांनी ते हातात घेऊन बराच वेळ पाहिले. "ल्हान व्हती तवा याच गालाचा पापा घ्यायचो मी," ते हळूच म्हणाले.

"पप्पा, गप ना," पोरगी लाजून म्हणाली, पण हसली.

दारापाशी गेल्यावर तिनं काचेत बघून केस परत गालावर ओढले. एका दिवसात सगळं कुठं जमतं. फॉर्मवर मात्र डाग राहिला.

हल्ली टचिंगच्या आधी मी विचारतो. बहुतेक पोरं "काढा ना काका" म्हणतात. मग काढतो. पण विचारतो.