सुलेखा विहिरीत उतरते

सुलेखा आता विहिरीत उतरत असेल, हा विचार दोन दिवस शैलाच्या मनातून हलत नव्हता. पोळी लाटताना तो यायचा, ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारताना यायचा. सतरा वर्षांची मुलगी, कमरेला दोर, पायाखाली कपारीचे निसरडे दगड आणि चाळीस फूट खाली वाटीनं भरावं लागेल एवढंच पाणी. तिनं हंडा भरायचा, वरच्या बायकांनी ओढून घ्यायचा. अशा विहिरींच्या बातम्या त्या उन्हाळ्यात पेपरात येत होत्या. शैला ते पानच उघडेनाशी झाली होती.

हीच सुलेखा क्लासच्या तिसऱ्या मजल्यावरून उतरताना कठडा सोडून भिंतीला चिकटून चालायची. खाली पाहिलं की गरगरतं, म्हणायची.

सुलेखा ही शैलाच्या मुलीची, मृण्मयीची मैत्रीण. तिचे वडील राजेंद्र फुलंब्रीकडच्या गावातून औरंगाबादला आले, शेंद्र्याच्या एका कंपनीत लागले आणि पडेगावात त्यांनी पत्र्याच्या दोन खोल्या बांधल्या. सुलेखा तिथंच वाढली. आजूबाजूच्या शेतांचे प्लॉट झाले, प्लॉटवर अपार्टमेंट उभ्या राहिल्या, त्यांच्या बोअरनी तिच्या गल्लीतला हातपंप कोरडा पाडला, हे सगळं तिनं शाळेला जाता-येता पाहिलं. आई लवकर गेली. दहावीपासून घरचा स्वयंपाक तिच्याकडे होता. बारावीच्या क्लासची प्रवेश परीक्षा तिनं अशी दिली की सरांनी फी माफ केली. पहिल्या दिवशी पहिल्या बाकावर मृण्मयी आधीच बसली होती. सुलेखा म्हणाली, "सरक की जरा. का नाव कोरलंय तुझं?" तेव्हापासून दोघी एका बाकावर.

शनिवारी ती मृण्मयीकडे अभ्यासाला यायची, जेवायला थांबायची.

"काकू, तुमचं वरण लई गोड. चहाची साखर यातच टाकता का?"

"खा मुकाट्यानं. घरी काय खातेस ते माहितीये मला."

"घरी मी करते, म्हणून तर कळतं."

शैलाला ती आवडायची, आणि तिची धास्तीही वाटायची. मुलगी खोटं सफाईनं बोलायची. क्लास बुडवला की आजी वारल्याचं सांगायची. एकच आजी तिनं वर्षात दोनदा मारली होती. मृण्मयी हे हसून सांगायची, शैला हसता हसता मनात नोंद करून ठेवायची.

ती नोंद एप्रिलमध्ये कामी आली. शैला एका नातेवाइकांकडून रिक्षानं परतत होती. दौलताबाद रोडवर पडेगावच्या अलीकडे एक मोटरसायकल शेजारून गेली. पुढं मुलगा, मागं मुलगी. शहरातल्या सगळ्या मुलींसारखा तिनं उन्हासाठी तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला, फक्त डोळे उघडे, त्यावर गॉगल. पण स्कार्फ जांभळा, आरशांचा. तो सुलेखाचा होता. बारावीची परीक्षा सुरू होईपर्यंत दर शनिवारी शैलाच्याच खुंटीवर टांगलेला असायचा.

त्याच संध्याकाळी तिनं राजेंद्रला फोन केला. मुलीच्या काळजीनं केला, असं तिनं स्वतःला सांगितलं.

त्यानं फोन धरूनच सुलेखाला हाक मारून विचारलं. मग म्हणाला, "ती नाय म्हणते, ताई. पण तुम्ही शिकलेल्या बाई. तुम्ही खोटं कशाला सांगाल? बरं झालं, कानावर घातलं." दुसऱ्या दिवशी त्यानं सुलेखाला गावी आजीकडे नेऊन सोडलं. मारलं नाही, रागावला नाही. फोन तेवढा काढून घेतला. मुलीची बदनामी होईल आणि शहरात आपलं कुणी नाही, एवढंच त्याला दिसत होतं. सीईटी तीन आठवड्यांवर होती. ते त्याला दिसलं नाही, किंवा दिसूनही त्यानं डोळे मिटले.

परवा जेवताना मृण्मयी ताटाकडे बघत म्हणाली होती, "सुलेखानं चुलतीच्या फोनवरून कॉल केला होता. आजीच्या गुडघ्यात जीव नाही. विहिरीत तीच उतरते, रोज सकाळी."

आज पाचव्या दिवशी नळ आला होता. दुपारचे चार वाजले होते. शैला मोरीत कपडे भिजवत होती.

"मृणू, तुझा पिवळा स्कार्फ दे. घामानं कडक झाला असेल."

मृण्मयीनं बॅगेतून स्कार्फ काढून दिला. जांभळा. आरशांचा.

"हा सुलेखाचा."

"माझा तिच्याकडे आहे. आम्ही बदलले."

"कधी?"

"होळीला."

शैला बादलीजवळ बसली होती, तशीच राहिली. होळी मार्चमध्ये झाली. फोन तिनं एप्रिलमध्ये केला होता. बादली भरली, पाणी काठावरून मोरीत वाहू लागलं. पाच दिवसांनी आलेलं पाणी, पण दोघींपैकी कुणीच नळ बंद केला नाही.

"गाडीवर कोण होतं?"

मृण्मयी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. "मी. क्लासमधला हिमांशू होता. किल्ला बघायला गेलो होतो. बस्स, तेवढंच. खरंच तेवढंच, आई."

"आणि तू गप्प बसलीस?"

"त्याच रात्री तिनं फोन केला. म्हणाली, बोलू नको. तुझी आई तुला सीईटीपर्यंत खोलीत कोंडेल, आणि माझे पप्पा चार दिवसांत विसरतील. म्हणाली, मी तुला हे आयुष्यभर ऐकवणार आहे. पण तिचे पप्पा विसरले नाहीत. मग मला भीती वाटायला लागली."

"माझी?"

"सगळ्यांचीच. अजून एक आहे. गेल्या तीन टेस्टमध्ये मी पहिली आले. ती नव्हती ना. एक दिवस मला बरं वाटलं. फक्त एक दिवस."

शैलाचा हात उगारला गेला, पण पोहोचला नाही. कारण तेवढ्यात तिला तो रस्ता पुन्हा दिसला. मागं बसलेल्या मुलीच्या डाव्या मनगटातलं घड्याळ, डायल आतल्या बाजूला, मृण्मयी घालते तसं. तिनं ते तेव्हाही पाहिलं होतं. पाहिल्याबरोबर मृणूचं नाव ओठांवर आलं होतं, आणि पुढच्याच क्षणी जांभळा रंग दिसला तसा तिनं सुटकेचा सुस्कारा टाकला होता. आपली नाही. पडेगावची आहे, तीच असणार. आपल्या घरातली मुलगी असं करत नाही. ज्या मुलीला आठ महिने वरण वाढलं, तिच्यावर हे टाकायला तिला रिक्षा एका सिग्नलला थांबते एवढाही वेळ लागला नव्हता.

तिनं नळ बंद केला.

"तू काय करणार आहेस?" मृण्मयीनं विचारलं.

"सुलेखाच्या पप्पांना फोन."

"बाबांना कळेल."

"त्यांना मी सांगीन. आज, ते आले की."

"क्लासमध्ये सगळे बोलतील. आई, सीईटीला आठ दिवस आहेत."

"तिलाही आठच आहेत."

मृण्मयी रडू लागली, आवाज न करता. शैलानं तिला जवळ घेतलं नाही, दूरही लोटलं नाही. राजेंद्र काय म्हणेल? तुमची ती पोर आणि माझी ती बदनाम, असं म्हणाला तर? नवरा काय करेल, मृण्मयीचं घराबाहेर पडणं बंद करेल का, तो मुलगा कोण, त्याच्या घरचे कसे, प्रश्नामागून प्रश्न येत होते. थोडं थांबावं, असंही एकदा मनात येऊन गेलं. परीक्षा होऊ द्यावी, मग शांतपणे बोलावं.

पण विहीर थांबणार नव्हती. उद्या उजाडताच सुलेखा दोर बांधून कपारीवर पाय ठेवणार, खाली पाहणार, तिला गरगरणार. साडेतीनला राजेंद्रची शिफ्ट सुटते, म्हणजे आता तो घरी पोहोचत असेल. त्यानं संध्याकाळची फुलंब्रीची एसटी धरली तर रात्रीच तो गावात असेल, उद्याच्या पाण्याआधी.

शैलानं ओले हात पदराला पुसले. फोनमध्ये त्याचं नाव 'सुलेखा पप्पा' असं होतं. मृण्मयी मान हलवत नको, नको म्हणत होती. शैलानं तिचं मनगट धरून तिला शेजारी बसवलं आणि नंबर लावला.