दुसरी खूण

जगातलं कुठलंही उंच, भव्य, प्रसिद्ध काही दाखवा, नानांचा प्रश्न ठरलेला असे : "हितं आदी काय होतं?" पॅरिसच्या मनोऱ्याखाली आमचा सगळा ग्रुप माना दुखेपर्यंत वर बघत होता आणि नाना खाली जमिनीकडे बघत होते. बुटाच्या टोकानं त्यांनी ती थोडी उकरूनही पाहिली. मग मला म्हणाले, "बाय, त्या गाईडबायला इचार, हितं आदी काय होतं?" गाईडला मनोऱ्याची उंची, वजन, रंगाला लागणारे दिवस, सगळं पाठ होतं. हा प्रश्न तिला नवा होता. तिनं फोनमध्ये शोधलं आणि सांगितलं की आधी सैनिकांचं कवायतीचं मैदान होतं आणि त्याच्याही आधी भाजीचे मळे. "आणि मलेवाले कुठं गेले?" नानांनी विचारलं. ते काही फोनमध्ये सापडलं नाही.

मी पनवेलमधल्या एका लहानशा टूर कंपनीत सोळा वर्षं टूर मॅनेजर आहे. म्हणजे पंचवीस-तीस माणसांच्या पुढे मिटलेली छत्री उंच धरून चालणारी बाई. लोकांना वाटतं मी जग पाहिलंय. मी जगभरच्या बसगाड्यांमध्ये डोकी मोजली आहेत. कुठला राजवाडा किती सुंदर, हे मला विचारू नका. त्याच्या जवळचं स्वच्छतागृह कुठे आहे, ते झोपेतही सांगेन. माझ्यासारखीच्या सहलींना नाना सहा वेळा आले.

नाना खाडीपलीकडच्या गावचे. ते गाव आता नाही. नव्या विमानतळात गेलं. घर, भातशेत, मिठागर, शाळा, गावदेवीचं देऊळ, इतकंच काय, गावामागची टेकडीसुद्धा गेली. जमिनीचे पैसे आले तेव्हा मुलांनी गाड्या घेतल्या आणि सत्तरीला आलेल्या, बायको वारलेल्या नानांनी पासपोर्ट काढला. भावकीत थट्टा झाली. म्हाताऱ्याला चळ लागला म्हणाले. नाना म्हणाले, "दुनियेनं आपापली गावं कशी ठेवलीत, ते बगून येतो."

पहिल्याच सहलीत त्यांनी स्वित्झर्लंडच्या हॉटेलात सुकटीची चटणी उघडली. मजलाभर वास सुटला. आमच्या ग्रुपमधली शाकाहारी मंडळी माझ्या दारात, नाकाला रुमाल लावून. "मॅडम, हे चालणार नाही हं! आम्ही काय कमी पैसे भरलेत का?" मी नानांच्या खोलीत गेले आणि माझं ठेवणीतलं वाक्य काढलं, "नाना, तुम्ही जरा समजून घ्या." नानांनी बरणीचं झाकण घट्ट लावलं, वर प्लास्टिकची पिशवी बांधली आणि पुढचे नऊ दिवस उकडलेले बटाटे खाल्ले. फक्त एवढंच म्हणाले, "सगले आमालाच समजून घ्यायला सांगतात." मी हसून सोडून दिलं. या धंद्यात जो आरडाओरडा करतो त्याला खिडकी मिळते आणि जो समजून घेतो त्याला बसच्या मागच्या चाकावरची सीट. हा नियम मी केलेला नाही, पण पाळला मीच.

बाकी कुणीही हरवो, नाना कधी हरवले नाहीत. इस्तंबूलच्या बाजारात आमची तीन शिकलेली माणसं हातात नकाशा असून दीड तास बेपत्ता होती. नाना मात्र बसच्या दारात उभे. विचारलं तर म्हणाले, उतरतानाच दोन खुणा धरून ठेवल्या होत्या, एक लांबचा मिनार आणि एक जवळचा घुमट. तरुणपणी ते खाडीत मासे मारायचे. पाण्यावर पाट्या नसतात. काल जाळं लावलेली जागा आज सापडायची तर किनाऱ्यावरच्या दोन वस्तू धरायच्या, एक लांबची, एक जवळची. लांबची वस्तू जवळच्या वस्तूच्या बरोबर मागे आली की आपण त्या रेघेवर आलो. नानांची लांबची खूण म्हणजे कर्नाळ्याचा सुळका. ते त्याला आंगठा म्हणत. आणि जवळची खूण गावामागची टेकडी. "एका खुणेवर नुसती दिशा समजते, बाय," ते म्हणाले, "जागा गावायची तर दोन पायजेत." मग घुमटाकडे बघत म्हणाले, "या लोकांनी आपल्या खुणा ठेवल्यात, म्हणून दुनिया बगायला येते. आमची डंपरात भरून नेली."

हे बोलणं कडू होतं, पण नाना कडवट नव्हते. कडवट मी आहे. ते खरोखर शिकायला आल्यासारखे हिंडत. जपानमधल्या एका गावात आम्ही उत्सव पाहायला थांबलो होतो. देवाची पालखी निघाली होती, पोरं घामानं निथळत ओरडत होती. मी डोकी मोजते आहे, तो एक डोकं कमी. नाना पालखीच्या दांड्याखाली! त्या लोकांनी त्यांना बाजूला केलं नाही, उलट खांद्यावर ठेवायला घडी केलेला टॉवेल दिला. दोन गल्ल्या खांदा देऊन लाल डोळ्यांनी परत आले. "इचार, पालखीचा रस्ता दरसाल ह्योच असतो?" गाईड म्हणाली, हाच, आजोबा-पणजोबांपासून हाच. नानांची गावदेवी आता पुनर्वसनाच्या प्लॉटवर टाइल्सच्या देवळात बसते. पालखी निघते, पण कुणाच्या दारावरून न्यायची यावर दरवर्षी भांडण होतं, कारण जुने शेजारी आता शेजारी राहिलेले नाहीत. मागल्या साली पालखी देवळाभोवतीच पाच फेऱ्या मारून आत नेली.

इजिप्तला मात्र ते चिडलेले पाहिले. तिथे धरणाच्या पाण्यात जाणारं एक प्राचीन देऊळ कापून, एकेका दगडाला नंबर घालून, वर डोंगरावर जसंच्या तसं पुन्हा उभं केलंय. गाईड रंगात येऊन सांगत होता, टाळ्या पडल्या. नानांनी माझ्यामार्फत विचारलं, हितं आदी काय होतं ते समजलं, पण पाण्याखाली गावं किती गेली? गाईड म्हणाला, खूप गेली, लोकांना दूर वसवलं. "त्यांच्या घरांना नंबर घातले का?" हे मी भाषांतर करून विचारलंच नाही. पुढचं ठिकाण बंद व्हायची वेळ झाली होती. नाना म्हणाले, "आमची देवी टेम्पोतून आणली, बाय. साडीत गुंडालून. मी मांडीवर घेऊन बसलो होतो." मी म्हटलं, चला नाना, बस थांबलीय.

मग नवा विमानतळ सुरू झाला. पनवेलला जणू लग्न निघालं. रोडपालीपासून जासईपर्यंत जो तो जागेचे भाव सांगू लागला. आम्हीही झटकन एक व्हिएतनामची सहल जाहीर केली : नव्या विमानतळावरून सकाळच्या विमानानं बंगळुरू आणि तिथून पुढे. दुसऱ्याच दिवशी नाना ऑफिसात हजर. व्हिएतनाममध्ये काय काय दाखवणार, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

"मला खिडकी पायजे," ते म्हणाले. सहा सहलींत त्यांनी मागितलेली ही पहिली गोष्ट. "उजव्या अंगाची. पंखाच्या फुडं."

त्यांनी सगळं काढून ठेवलं होतं. आठवडाभर प्लॉटवरच्या गच्चीत उभं राहून विमानं पाहिली होती. सकाळची विमानं पूर्वेकडे उडतात, म्हणजे कर्नाळा उजव्या हाताला. विमान जमिनीवरून धावत असताना आंगठा दुसऱ्या खुणेच्या बरोबर मागे येईल, त्या क्षणी आपण त्यांच्या घरावर असू. "पार आंगणात," ते म्हणाले.

"पण नाना, दुसरी खूण तर टेकडी होती ना? ती तर कापली."

नाना हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. "दुसरी शोदून काडली मी. जुनीच हाय. कोणाच्या नजरेला आली नाय, म्हणून वाचली. आता नाय सांगत. विमानात दाकवतो तुला." मी त्यांच्यादेखत फोन करून आठ नंबरच्या रांगेतली उजवी खिडकी धरून ठेवली. शब्द दिला.

त्या सकाळी नाना धोतर, वर कोट आणि पांढरी टोपी घालून आले होते, सोयरिकीला निघाल्यासारखे. बोर्डिंग पास त्यांनी प्लास्टिकच्या पाकिटात घातला होता. आणि तिथे सामंतसाहेब उगवले. सामंतसाहेब म्हणजे रोडपालीचे, बँकेतून निवृत्त, सोबत पत्नी आणि मुलगी. "मॅडम, व्हॉट इज धिस? आम्ही तिघं तीन रांगांत? न्यू एअरपोर्टवरून आमची पहिली फ्लाइट आहे, मला विंडोतून व्हिडिओ काढायचाय. तुमच्या मालकांना आत्ता फोन लावू का?" मालक त्या महिन्यात माझ्यावर आधीच नाराज होते. मी यादी पाहिली. तिघांना सलग बसवायला एकच रांग हलवता येत होती. आठवी.

मी नानांकडे गेले. काय बोलायचं ते पाठच होतं. "नाना, त्यांची फॅमिली आहे, तुम्ही जरा समजून घ्या. पुढच्या वेळी नक्की." मी त्यांच्या हातातलं पाकीट घेतलं, त्यातला पास काढला आणि दुसरा घातला. पाकीट त्यांनी नीट घडी करून परत कोटाच्या खिशात ठेवलं. "समजलं, बाय," म्हणाले. ते पाकीट मी हातातून घेतलं तेव्हा त्यांनी क्षणभर धरून ठेवलं होतं. मला ते जाणवलं होतं. न जाणवल्यासारखं मी केलं.

त्यांना पंखामागची सीट मिळाली, डावीकडची, वाटेलगतची. मी त्यांच्यामागेच होते. विमान धावायला लागलं तेव्हा म्हातारा पट्ट्यात अडकलेल्या अंगानं जमेल तेवढा उजवीकडे वळला, मान ताणली. मध्ये तीन माणसं आणि एक पंख. आठव्या रांगेत सामंतसाहेबांचा फोन खिडकीला चिकटला होता आणि फोनपुढे त्यांचा स्वतःचा चेहरा. मग चाकांचा आवाज थांबला. नानांनी मान सरळ केली आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

व्हिएतनामला आम्ही खूप पाहिलं. देवळं, कंदील, पाण्यावरचे बाजार. पहिल्या मोठ्या इमारतीपुढे गाईड बोलायची थांबली तसा सगळा ग्रुप सवयीनं नानांकडे वळला. सामंतसाहेब तर हसत म्हणाले, "काय नाना, आज विचारायचं नाही का, आधी काय होतं?" नाना म्हणाले, "आता इचारून काय करायचं?" त्या सहलीत त्यांनी तो प्रश्न एकदाही विचारला नाही. गाईडला बरंच वाटलं असेल. येताना आमचं विमान मुंबईच्या जुन्या विमानतळावर उतरलं.

दोन महिन्यांनी नाना गेले. झोपेतच गेले, त्रास झाला नाही, असं सगळे म्हणत होते. मी प्लॉटवर भेटायला गेले. थोरल्या मुलानं चहा दिला. मी विचारलं, नाना दुसऱ्या खुणेबद्दल काही बोलले होते का? तो जरा ओशाळला. "नाय हो मॅडम. बाबा ते बोटीतलं काय काय सांगायचे, आमी कुठं ऐकून घेतलं? आमाला तर आता घर कुठं होतं तेपण सांगता येत नाय." मग त्यानं आत जाऊन नानांचं प्लास्टिकचं पाकीट आणून दाखवलं. आत मी दिलेला पास होता, पंखामागच्या सीटचा. बाबांनी सगळे पास जपून ठेवलेत, तो कौतुकानं म्हणाला. ते पाकीट हातात धरवेना. मी चहा तसाच ठेवून उठले.

सामंतसाहेबांनी त्या दिवशीचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला होता. मी तो किती वेळा पाहिला असेन. अर्ध्याहून जास्त साहेबांचे गाल आहेत. त्यांच्या कानामागे दोन क्षण कर्नाळ्याचा आंगठा दिसतो, लगेच जातो. त्याच्यापुढे धूसर, राखाडी काहीतरी आहे. मोठं करून पाहिलं की नुसते चौकोन दिसतात.

आता आमच्या बहुतेक सहली नव्या विमानतळावरूनच निघतात. तीस-तीस माणसं चढतात, वा वा करतात, छताचे फोटो काढतात. तिथे आधी काय होतं, हे अजून एकानंही मला विचारलेलं नाही. सकाळचं विमान असलं की मी स्वतःसाठी उजवी खिडकी ठेवते. कुणी कितीही ओरडलं तरी देत नाही. मालकांकडे तक्रार गेली, जाऊ दे. विमान धावू लागतं, कर्नाळा सरकत येतो, आणि मी मधलं एकेक जुळवून बघते. एखादी पाण्याची टाकी. एखादं एकटं झाड. कुठल्याशा जुन्या बांधाचा तुकडा. यातलं काहीतरी ते आहे. कुणाच्या नजरेला न आल्यामुळे वाचलेलं, आणि माझ्याही नजरेला न येणारं. एका खुणेवर जागा सापडत नाही, हे नानांनीच मला सांगितलं होतं. मी आंगठ्याकडे बघत राहते, त्यांच्या अंगणावरून कधीतरी विमान पुढे जातं, आणि ते कधी गेलं हे मला कळत नाही.