मिलोयका सिस्टरच्या गाडीचा आवाज

मिलोयका रुतार आमच्या खोऱ्याची नर्स, घरोघर जाऊन आजारी माणसं पाहणारी. तोलमिन गावाच्या वरच्या अंगाला नदीच्या दोन्ही बाजूंनी आमची घरं डोंगरावर चढत गेली आहेत. त्यातल्या निम्म्या घरांसाठी आरोग्य केंद्राची मोटार शेवटच्या वळणावरच हात टेकते. म्हणून चाळिशी उलटल्यावर मिलोयकानं अग्निशमन दलातल्या एका माणसाची जुनी मोटरसायकल घेतली. त्यानं सायलेन्सरमधल्या आवाज दाबणाऱ्या नळ्या कधीच काढून फेकल्या होत्या. गाडी पुलावर आली की वर डोंगरातल्या गायीसुद्धा मान वर करायच्या.

मी इथला पोस्टमन, लुद्विक. माझी पिवळी मोपेड तिच्या गाडीपुढे शिंकल्यासारखी वाजते. एकदा मी म्हणालो, "सिस्टर, आवाज जरा कमी करा की. मेलेले उठून बसतील."

"सहा भावंडांत मी शेंडेफळ, लुद्विक," ती म्हणाली. "लहानपणी मी जेवायला आले की नाही, हेसुद्धा कुणाच्या लक्षात यायचं नाही. आता येतं."

पण तीन वर्षांपूर्वी तिच्याकडे वेगळं काम आलं. दवाखान्यानं 'आता घरीच न्या' म्हणून पाठवलेली माणसं तिच्या वाट्याला आली. त्यांना दुखू नये एवढंच बघायचं. तेव्हापासून गाडीचा आवाज आला की लोकांचे हात थांबायला लागले. पूल ओलांडला, डावीकडे वळली, दुसऱ्या वळणावर थांबली, म्हणजे कोणाकडे? 'त्यांच्या दारात गाडी थांबते' एवढं म्हटलं की पुढचं बोलायची गरज नसे. माझ्या पिशवीतल्या पत्रांनी एवढी पक्की बातमी कधी पोचवली नाही.

मे महिन्यात ती विल्मा कोस यांच्या दारात थांबली.

विल्माकाकू बहात्तरच्या. चीज करण्यात त्यांचा हात धरणारं खोऱ्यात कुणी नव्हतं. स्वादुपिंडाचा आजार होता, पण मुलीनं, बर्नार्दानं, आईला पोटातला अल्सर म्हणून सांगितलं होतं. पहिल्या दिवशी गाडी अंगणात येऊन थांबली, तसा काकूंनी हातातला चमचा खाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. पुढच्या खेपांना पुलावर आवाज आला तरी त्या जेवण सोडायला लागल्या.

बर्नार्दानं मिलोयकाला सोसायटीच्या दुकानाबाहेर गाठलं. मी तिथेच टपालपेटी उघडत होतो.

"सिस्टर, ती गाडी घेऊन येऊ नका. पायी या, सायकलवर या, कशाही या."

"दिवसाला सात घरं असतात, बर्नार्दा. त्यापेक्षा आईला खरं काय ते सांगून टाक."

"सांगायचं की नाही ते आमचं आम्ही बघू. तुम्ही जाहिरात करू नका म्हणजे झालं."

मिलोयकाच्या चेहऱ्यावर चपराक बसल्यासारखं झालं. तिनं हेल्मेट चढवलं आणि गाडी चालू न करता उतारावरून तशीच घरंगळत नेली.

दोन आठवड्यांनी तिनं मागवलेल्या सायलेन्सरच्या नळ्यांचं पार्सल आलं. एका सोमवारी दुपारी मीच ते मेकॅनिक राफकोच्या गॅरेजात पोचवलं. मिलोयका ओट्यावर बसली होती. राफकोनं नळ्या हातात घेऊन पाहिल्या. वीतभर लांबीच्या, भोकाभोकांच्या, पुढचं तोंड निमुळतं.

"ह्या घातल्या की वाघाचं मांजर होईल," तो म्हणाला. "चढावर दमही कमी पडेल. नंतर माझ्या नावानं ओरडायचं नाही."

"ओरडणार नाही. घाल."

सायलेन्सरच्या खालचे बोल्ट गंजून एकजीव झाले होते. राफकोनं तेल सोडलं, तापवले, शेवटी ड्रिलनं कोरून काढले. नळ्यांना त्यानं काचेच्या लोकरीचं वेष्टण तारेनं आवळून बांधलं, त्या आत सरकवल्या, नवे बोल्ट कसले. मग गाडीला जास्त पेट्रोल जाऊ नये म्हणून कार्बोरेटरमधला जेट बदलला. गाडी चालू झाली तेव्हा मी खरंच पुढे वाकून पाहिलं. दूरच्या खोलीत कुणी शिलाई मशीन चालवावं, तेवढाच आवाज.

"आता खूश?" राफकोनं विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "एका आजारी बाईशी खोटं बोलायला मी माझ्या गाडीलासुद्धा शिकवलं."

दुसऱ्या दिवशी मंगळवार. मी सकाळी दहाला वर राव्ने वस्तीवर फेलिक्सकाकांकडे वर्तमानपत्र घेऊन गेलो. काका एक्याऐंशीचे, एकटे. आजार हाडांत उतरला होता. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सिस्टर यायची. हिवाळ्यात टेलिफोनची तार तुटली ती तशीच, आणि मोबाइलला तिथे रेंज नाही. पण त्यांना कशाची गरजही नव्हती. पुलावर गाडी वाजली की अठरा मिनिटांत ती दारात. तेवढ्यात ते चूल पेटवायचे, कॉफीचं भांडं चढवायचे. मला म्हणायचे, "दुखणं कितीही असो, आवाज ऐकला की अठरा मिनिटं कुणीही काढू शकतो."

त्या दिवशी त्यांनी विचारलं, "येणार ना रे ती आज?"

"येईल की. मंगळवार आहे," मी म्हणालो. मग गवत कापणीला आलंय, रानडुकरांनी बटाटे उकरलेत, असं बोलत बसलो. गाडीचा आवाज गेला, हे मी त्यांना सांगितलं नाही. गॅरेजात मी समोर उभा होतो आणि माझ्या डोक्यातच आलं नाही.

त्या दिवशी विल्माकाकूंच्या घरी मिलोयकाला उशीर झाला. काकू बोलत्या झाल्या होत्या, त्यांनी मक्याच्या पिठाचा वाटीभर पातळ पोलेंटा खाल्ला, त्यामुळे तिचा पाय निघेना. राव्नेला पोचायला सव्वा तास उशीर. काकांनी दुपारभर पुलाकडे कान लावले असणार. शेवटी काठी घेऊन ते रस्ता दिसतो का बघायला अंगण उतरले आणि गुरांच्या पाण्याच्या डोणीजवळ पडले. मिलोयकाला ते तिथेच सापडले. मांडीचं हाड खुब्यात मोडलं होतं.

तिनं जवळ जाऊन डोकं मांडीवर घेतलं, तेव्हा ते म्हणाले, "अगं, तू आलीस ते ऐकूच आलं नाही."

एवढंच. रागावले नाहीत. तिनं इंजेक्शन दिलं, अंगावर आपलं जाकीट घातलं आणि फोनला रेंज मिळेल तिथपर्यंत धावत खाली गेली. अँब्युलन्सवाल्यांनी त्यांना स्ट्रेचरवरून उतरवलं. घरातच मरायचं, हे त्यांनी तिच्याकडून वचन घेतलं होतं. ते मोडलं. मोठ्या दवाखान्याच्या चार खाटांच्या खोलीत ते एकोणीस दिवस जगले. खिडकीतून मोटारींचा तळ दिसायचा.

मी तिला म्हणालो, "सकाळी मीच सांगायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. "आणि मी शुक्रवारीच सांगायला हवं होतं. पार्सल येणार हे मला ठाऊक होतं." माझी समजूत काढण्याच्या भानगडीत ती पडली नाही, ते बरं वाटलं.

पुढच्या आठवड्यात, हे तिनंच मला नंतर सांगितलं, ती विल्माकाकूंची उशी बदलत होती. बर्नार्दा दूध काढायला गेली होती. काकू म्हणाल्या, "तुझी गाडी मुकी का झाली गं?"

"जुनी झाली, काकू."

"जुनी गाडी जास्त ओरडते. मी शेतकरणी आहे, ट्रॅक्टर मलाही कळतात." "आवाज होता तोवर भीती वाटायची, तरी मनाला समजावत होते, चुकून आली असेल, अल्सरसाठीही येत असेल. तू गाडी गप्प केलीस, तेव्हा मला कळलं. अल्सरसाठी कुणी एवढं करत नाही."

मिलोयका खाटेच्या कडेवर बसली. काकूंनीच तिचा हात धरला. "बर्नार्दाला सांगू नकोस, मला माहीत आहे म्हणून. तिला ते झेपायचं नाही."

"नाही, काकू," मिलोयका म्हणाली. "आता मी कुणाचंच लपवणार नाही. मला जमत नाही. तुम्ही सांगा, नाहीतर तिला आत्ता बोलावते."

तिनं बोलावलं. बर्नार्दा दुधाची बादली घेऊन दारात उभी राहिली. आईनं सांगितलं तशी बादली खाली ठेवली आणि चुलीजवळ जाऊन पाठमोरी लाकडं सारत राहिली. त्यानंतर महिनाभर ती मिलोयकाशी बोलली नाही. पण आईजवळ रोज बसली. काकूंनी तिला चीजचं विरजण कधी आणि किती घालायचं ते शिकवलं, जे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. ऑगस्टच्या शेवटी काकू घरी, आपल्याच खाटेवर वारल्या.

फेलिक्सकाकांचा अंत्यविधी त्याआधीच झाला होता. त्रिएस्त शहरातून त्यांचा पुतण्या आला होता. स्मशानाच्या फाटकाशी मिलोयकानं त्याला सगळं सांगितलं: नळ्या, उशीर, डोण. मी बाजूला उभा होतो. मीही माझं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, टोपी डोक्यावर ठेवली आणि म्हणाला, "घर बंद करायचं आहे. पत्रं आली तर माझ्या पत्त्यावर पाठवा." आणि गेला.

मिलोयका त्याच दुपारी राफकोकडे नळ्या काढायला गेली. राफको पाना हातात घेऊन म्हणाला, "काढतो. पण वर राव्नेला आता ऐकणारं कोण आहे?" तिनं गाडी परत वळवली. नळ्या तशाच राहिल्या.

आता ती नव्या घरी जाते तेव्हा पहिल्याच दिवशी आजारी माणसालाच विचारते, मी येते ते तुम्हाला कसं कळावं? कुणी फोन कर म्हणतं, कुणी काहीच नको म्हणतं. तरी परवा रस्त्यात ती माझ्या मागून आली, मला कळलंच नाही, आणि मी दचकून मोपेड कठड्याला घासली. ती थांबली, माझं कोपर पाहिलं, पुसून पट्टी बांधली. मग ती वर गेली आणि मी खाली.