अकरा वाजता डेटा बंद

टिपेश्वरला वाघ बघायला जायचं, एवढाच बेत होता. ऑफिसातली मनीषा मूळची मुकुटबनकडची. माझं तिकीट काढून झालं तशी ती खुर्ची ओढत आली. "एवढी जाऊन राह्यली तर आमच्या घरी जा ना. सुजाताची मुलाखत आहे व्हिडिओवर, मले सुट्टी भेटत नाही. तू नेटवर्कवाली आहेस, जरा पाहून घे." सुजाता तिची धाकटी बहीण. मी नेटवर्कवाली म्हणजे पुण्यात बसून मोबाइल कव्हरेजचे नकाशे रंगवते. हिरवं म्हणजे उत्तम, पिवळं म्हणजे बरं, लाल म्हणजे देवाची कृपा. मनीषाचं गाव नकाशात हिरवंगार होतं, तेव्हा मी निर्धास्त हो म्हटलं.

रात्रीची ट्रॅव्हल्स सकाळी यवतमाळला सोडते. तिथून पांढरकवड्याला एसटी घ्या. बायकांना अर्धं तिकीट आहे, उगाच खासगी गाडी करू नका. स्टँडसमोर तर्री पोहे खाल्ले. तर्री कमी घाला म्हटलं तर गाडीवाला हसला. "ताई, तर्री कमी पाह्यजे तर पोहे कायले खाता?" डोळ्यांतून पाणी काढत दोन प्लेट संपवल्या. टिपेश्वरची सफारी आधी बुक करा आणि थंडीत जाणार असाल तर कानटोपी न्या, उघड्या जिप्सीत कान गळून पडायची वेळ येते. मला चितळ दिसले, नीलगायी दिसल्या, मोरांचा तर बाजार भरला होता. वाघाने मात्र तोंड दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी झरीमार्गे मुकुटबनची एसटी. गाड्या कमी आहेत, चुकली तर बसा कंडक्टरांशी गप्पा मारत. रस्ता कुठे गुळगुळीत तर कुठे नुसता आठवणीपुरता, पण दोन्ही बाजूंना पांढराधोप फुटलेला कापूस आणि शेंगांनी वाकलेली तूर, त्यामुळे हाडं खिळखिळी झालेली उतरल्यावरच कळतात. शेजारच्या बाईंनी चौकशी केली. गावाचं नाव ऐकून म्हणाल्या, "तिथं तं नेट भेटत नाही बाई. करमन का तुम्हाले?"

फाट्यावर सुजाता स्कूटी घेऊन उभी होती. घरी ती आणि वडील, रामदासकाका. आई दोन वर्षांपूर्वी गेली. काकांनी "जय भीम, या बाई" करून बसवलं आणि मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगांची परात पुढे सरकवली. या शेंगा एकदा खायला लागलं की हात थांबत नाही. परात अर्धी झाल्यावर मी भानावर येऊन मुलाखतीचं विचारलं.

एका कंपनीचं घरी बसून करायचं काम होतं. मराठी ग्राहकांशी व्हिडिओवर बोलायचं, त्यांच्या अडचणी सोडवायच्या. अशीच एक मुलाखत दिवाळीआधी झाली होती, ती निम्म्यात तुटली आणि तिकडून परत कुणी जोडलीच नाही. आता ही गेली तर ताईसारखं पुण्यात कॉट बेसिसवर राहायचं, असं घरात ठरलं होतं. ठरवलं होतं काकांनीच. "मले जायचं नाही, ताई," सुजाता चुलीपाशी हळूच म्हणाली. "बाबा दिवसभर वावरात असतात. मी गेली की ते रात्री शिळं खातीन अन मले फोनवर ताजं सांगतीन."

मी ऐटीत फोन काढून वेग मोजला. चित्र नुसतं गोल गोल फिरत राहिलं.

"तुमच्या नकाशात आमचं गाव कोणत्या रंगाचं हाये?" सुजाताने विचारलं.

"हिरवं."

"मग पहाटे काढला असन."

मुलीचं बरोबर होतं. नकाशा सांगतो की सिग्नल पोचतो. सिग्नल पोचल्यावर किती जण एकदम त्यावर तुटून पडतात, ते त्याला कुठे माहीत? टॉवर बसवला तेव्हा माणसं फोनवर बोलायची. आता कापसाचे भाव, पोरांचे क्लास, वेचणी करताना गाणी, बँक, डॉक्टर, सगळं त्याच टॉवरवर. शिवाय हा टॉवर पुढच्या टॉवरशी रेडिओने जोडलेला, खालून केबल नाही. रहदारी दसपट आणि पूल तोच, बैलगाडीच्या वेळचा. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आलेलं आहे, पण तिथून घरांपर्यंत ओढायचं राहिलंय. ते ओढलं, टॉवरही त्याच्यावर घेतला, तर या गावाचे निम्मे प्रश्न महिन्यात सुटतील. पण मुलाखत उद्या होती.

जेवताना हे सगळं काकांना सांगितलं. भाकर, वांग्याची भाजी आणि वर हिरव्या मिरचीचा ठेचा होता, त्यामुळे मी बरंचसं सुसकारे टाकतच सांगितलं. काकांनी घास खाली ठेवला. "म्हणजे आपल्या लाइटच्या डीपीसारखंच झालं ना हे! सगळ्यायनं एकदम मोटरी चालू केल्या का कोणाच्याच पाइपात पाणी येत नाही. मग आम्ही पाळी लावतो. आज याची मोटर, उद्या त्याची." मग स्वतःशीच मान हलवली. "नेटची बी लावू."

लगेच गावच्या ग्रुपवर त्यांनी संदेश टाकला: उद्या अकरा वाजता सुजाताची मुलाखत आहे, सगळ्यांनी डेटा बंद ठेवावा. पटापट होकार आले. मला भरून आलं. आमच्या सोसायटीत पार्किंगच्या पाळीवरून माणसं एकमेकांचं तोंड बघत नाहीत.

सकाळी सुजाता निळी साडी नेसून बसली, मागच्या भिंतीवरची दोरी काढली, कोंबडी हाकलली. अकराला मुलाखत लागली. चित्र स्वच्छ, आवाज खणखणीत. नाव, शिक्षण झालं, समोरच्या मॅडम हसल्या आणि तशाच हसत्या थिजल्या. सुजाताने माझ्याकडे पाहिलं.

तेवढ्यात फळीवरचा काकांचा फोन थरथरत थरथरत खाली पडला. उचलून बघते तर ग्रुपवर पूर आलेला! 'सुजाता, बेस्ट ऑफ लक', गुलाबांचे व्हिडिओ, पणत्यांचे व्हिडिओ. 'मी डेटा बंद करून राह्यलो' असं प्रत्येक जण कळवत होता आणि काकांनी वाचलं की नाही ते बघायला डेटा चालू ठेवून थांबला होता. एका काकूंनी तर आपला फोन बंद करतानाचा अख्खा व्हिडिओ नवऱ्याच्या फोनवरून पाठवला होता. गावाने जीव ओतून टॉवर बसवला होता खाली!

मी काकांना फोन दाखवला. ते चप्पल न घालताच विहाराकडे पळाले. क्षणभरात भोंगा खरखरला. "हॅलो. हॅलो. शुभेच्छा भेटल्या. सगळ्यायच्या भेटल्या. आता काहून पाठवून राह्यले बे? कळवू नका, नुसतं बंद करा!"

काही वेळ काहीच झालं नाही. सुजाता पदर मुठीत धरून बसली होती. मग मॅडम हलल्या. "आवाज येतोय का? मागे कसली घोषणा चालली आहे?"

सुजाताने पदर सोडला. "मॅडम, माह्यं गाव माझ्यासाठी नेट बंद करून राह्यलं."

मॅडमना नीट कळलं की नाही, कोण जाणे, पण मुलाखत शेवटपर्यंत झाली. तेवढा वेळ गल्लीत एक गाणं वाजलं नाही. निकाल मेलने कळवतो म्हणाल्या.

परतताना वणीवरून आले, तिकडून गाड्या बऱ्या मिळतात. काकांनी पिशवीभर शेंगा दिल्या आणि मला गावच्या ग्रुपवर घेतलं. पुण्यात घरी फायबर आहे. टीव्ही, दोन लॅपटॉप, नवऱ्याची मॅच, सगळं एकदम चालतं आणि कुणाला कुणाची पाळी ठाऊक नाही. मला पहिल्यांदाच त्याची लाज वाटली, खरं सांगते. ऑफिसात त्या गावाचा हिरवा रंग काढून पिवळा भरला आणि फायबरची मागणी लावून धरली आहे. एका मुलीने काम करावं म्हणून सगळ्या गावाने फोन मिटायचे, हे एक दिवस छान दिसतं, रोज नाही.

परवा संध्याकाळी शेंगा सोलत होते, तर सुजाताचा व्हिडिओ कॉल. "ताई, मेल आला, माह्यं…" आणि चित्र थिजलं. तोंड अर्धं उघडं, डोळे मिटलेले. हसतेय की रडतेय, काही कळेना. मी "हॅलो, हॅलो" करत घरभर फिरले.

फोन हातात थरथरला. एकदा, दोनदा, मग थांबेचना. गावच्या ग्रुपवर 'अभिनंदन' आणि गुलाबांचे व्हिडिओ येत होते.

चित्र हललं तेव्हा सुजाता ओरडत होती, "ताई, ऐकू आलं का?"

"आलं," मी म्हटलं. "अख्ख्या गावाने सांगितलं."