चार किलो दोनशे ग्रॅम कापूस

गेल्या रविवारी बीडमध्ये लई गारठा होता. नऊ वाजले तरी अंगणातल्या फरशीवर पाय ठेववत नव्हता... आणि तेवढ्यात गल्लीत पिंजाऱ्याचा टेम्पो आला. मागे कापूस पिंजायचं मशीन, वर भोंगा... गादी, उशी, रजई भरून मिळेल.

मी त्याचीच वाट बघत होते. दिवाळी सरली की मला संध्याकाळची फार ओढ लागते... सात वाजता खिडक्या लावायच्या, गरम पिठलं-भाकरी खायची आणि पायावर आईची रजई घेऊन पलंगावर बसायचं. टीव्ही चालू असला काय आणि नसला काय.

ही रजई बावीस वर्षांची आहे. माझ्या लग्नात आईने दिलेली... घाटनांदूरच्या आमच्या रानातला कापूस, तिनेच वेचलेला आणि हाताने सरकी काढलेला. आई जाऊन दोन वर्षं झाली, आणि भाऊ आता त्या रानात सोयाबीन घेतो. म्हणजे हा कापूस गेला तर गेलाच, दुसरा कुठून आणू?

पण आतमध्ये नुसते गोळे झाले होते. पिंजून घेणं भागच होतं.

आता माझा स्वभाव सांगते... मी संशयी आहे. दूधवाल्याचं माप, भाजीवाल्याची तागडी, 'आज गार पाण्याने आंघोळ केली' म्हणणारा नवरा... कशावरच माझा विश्वास बसत नाही. आमचे हे म्हणतात, तू मोंढ्याच्या बाजारात गेलीस तर काटेवाले सुट्टी टाकून घरी जातील.

आणि पिंजाऱ्याच्या बाबतीत तर आईचीच शिकवण होती. पिंजताना समोरून उठायचं नाही... उठलं की चांगला कापूस त्याच्या गोणीत आणि टाकाऊ आपल्या रजईत.

म्हणून मी खोळ चार दिवस आधीच उसवून ठेवली होती. सगळा कापूस चादरीत बांधला, बॅगा मोजायच्या काट्याला लटकवला... चार किलो दोनशे ग्रॅम. मोबाईलमध्ये काट्याचा फोटोसुद्धा काढून ठेवला. हसा खुशाल.

पिंजारी म्हणजे एक म्हातारे चाचा, मफलर गुंडाळलेले, एकटेच. मी मशीनपासून चार हातांवर खुर्ची टाकली आणि तुरीच्या शेंगा सोलत बसले... सोलणं नावाला, डोळे त्यांच्या हातावर. ते गोळे मशीनमध्ये घालायच्या आधी बोटांनी उकलत होते आणि मधूनच काहीतरी वेचून बाजूला टाकत होते. काय वेचतायत एवढं?

त्यात नेमका गॅस सिलेंडरवाला आला. दहा मिनिटं... फक्त दहा मिनिटं मी आत गेले. परत येते तर कापसाचा ढीग पांढराशुभ्र! माझ्या मनात पाल चुकचुकली. बावीस वर्षांचा कापूस असा दिसतो का कधी?

भरायच्या आधी मी काटा आणला. तीन किलो सातशे.

अर्धा किलो आई गेली कुठे? मी सरळ म्हणाले, "चाचा, हा कापूस आमचा नाही. आमचा काढा."

ते टेम्पोमागे गेले आणि एक पिशवी आणून माझ्यापुढे ठेवली. आत धूळ, काडीकचरा, वाळकी पानं आणि एक कागदाची पुडी... पिशवीचं वजन चारशे साठ ग्रॅम भरलं.

"सगळेच मोजतात, ताई," ते शांतपणे म्हणाले. "म्हणून मी कचरा बी ठेवतो."

तरी चाळीस ग्रॅम कमीच! मी तेही बोलून दाखवलं... धन्य माझी. तेव्हा मात्र ते हसले. म्हणाले, "ते तुमच्या डोक्यावर हाय." केसांवरून हात फिरवला तर सगळं डोकं पांढरं झालेलं. राखण करायला जवळ बसले होते ना!

मग त्यांनी पुडी उघडली. आत सरक्या, पंधरा-वीस तरी असतील. "हातानं काढलेली रुई हाय ही. ज्यानं काढली त्याला कमी दिसत असंल... नायतर एवढ्या ऱ्हाईल्या नसत्या."

माझं लग्न ठरलं तेव्हा आईला मोतीबिंदू होता. 'आधी लग्न होऊ दे, मग डोळ्यांचं बघू' म्हणाली होती. हे घरात सगळ्यांना माहीत होतं... पण तसल्या डोळ्यांनी ती रोज संध्याकाळी चुलीपुढे बसून बोटांनी चाचपून सरकी काढत होती, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. उलट पहिल्या माहेरपणाला मी तिला म्हणाले होते, कापूस नीट साफ नाही केलास, पायाला टोचतं. ती नुसती हसली होती.

रजई भरून झाल्यावर चाचांना आल्याचा चहा दिला, सरक्यांची पुडी तेवढी मी ठेवून घेतली. माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी तुरीच्या शेंगांची चौकशी सुरू केली... मग एक पिशवी भरून त्यांना शेंगाच दिल्या.

संध्याकाळी खिडक्या लावल्या आणि रजई पायावर घेतली. हलकी, फुगलेली, ऊबदार... आणि कुठेच काही टोचेना. माझे पाय आपले आतल्या आत शोधत राहिले.

शेवटी उठले. पायाकडच्या कोपऱ्याची शिलाई दोन बोटं उसवली, पुडीतल्या चार सरक्या आत टाकल्या आणि परत टाके घातले. आमचे हे बघत होते.

आता टोचतं. चाचा, तुम्ही कचरा जपून ठेवता म्हणून... आभारी आहे.